पंधरावा फॉर्म

निर्मलाताई, तुमची शोकसभा इंग्रजीत झाली.

हॉल मी ठरवला, खुर्च्या मी मोजल्या, मंडळाच्या कपाटातून चहाचे कप मी काढले. यादीत सातव्या ओळीवर 'भाषा: इंग्रजी, मुलांना कळावं म्हणून' हेही मीच लिहिलं. कुणी हरकत घेतली नाही. पाच जण बोलले. साने डॉक्टर म्हणाले, "शी वॉज अ ग्रेट चॅम्पियन ऑफ अवर मदर टंग." लोकांनी माना डोलावल्या. तुम्ही असतात तर पहिल्या रांगेतूनच विचारलं असतंत, "कुठली टंग, डॉक्टर? बाहेर काढून दाखवा पाहू."

फक्त तुमची वेल्समधली मैत्रीण ग्वेन वेगळी वागली. तिच्या घरी तुम्ही दर उन्हाळ्यात राहायचात, ती. ती उठली आणि कुणाला न विचारता आधी वेल्शमध्ये बोलली. चांगली तीन मिनिटं. हॉलमधल्या एकालाही अक्षर कळलं नाही. मग तिने इंग्रजीत सांगितलं, की निर्मला आणि मी याच भाषेत बोलायचो, तेव्हा आज मी ती बदलणार नाही. सगळ्यांना फार कौतुक वाटलं. चहाच्या वेळी तीन जणी मला येऊन म्हणाल्या, "हाऊ टचिंग!" मी कप गोळा करत होते.

सभेत मी बोलले नाही. आयोजकाला वेळ नसतो, ही माझी जुनी सबब. आता मंडळाच्या अंकासाठी 'घरच्यांपैकी कुणीतरी लिहा' असा निरोप आला आहे. प्रकाश तुमचा सख्खा भाऊ, पण तो कागद घेऊन बसला की खिडकीबाहेर बघत राहतो. म्हणून हे कामही माझ्या यादीत आलं. तुमचा जन्म, शिक्षण, केंब्रिजमधली नोकरी हे सगळं चौकटीत छापून येईलच. मला लिहायचं आहे ते नऊ वर्षांपूर्वीच्या एका फॉर्मबद्दल. ते वाचून काही जण माझ्याशी बोलायचे थांबतील. थांबू देत.

लग्न होऊन मी पुण्याहून वॉटफर्डला आले, तेव्हा तुम्ही काय काम करता ते मला कळायचं नाही. प्रकाश ब्रॅकनेलला कंप्युटर कंपनीत जातो, हे सांगता यायचं. 'नणंद काय करते?' म्हटलं की मी म्हणायची, "भाषांचा अभ्यास." लोक विचारायचे, "किती येतात?" एकदा तुम्हीच मला समोर बसवून समजावलंत. दोन प्रदेश, दोन्हीकडे दोन-दोन भाषा. वेल्समध्ये वेल्श आणि इंग्रजी, बेळगावात मराठी आणि कानडी. सरकार कुठल्या भाषेत कागद देतं, शाळा कुठल्या भाषेत शिकवते, आणि ज्यांची भाषा कमी लोकांची आहे ते यावर काय करतात, हे तुम्ही शेजारी शेजारी ठेवून बघत होतात.

मी म्हटलं, "बेळगाव ठीक आहे, पण त्यात एवढं बघायचं काय?"

"तुम्हा पुणेकरांना अल्पसंख्य म्हणजे काय ते विमानतळावर उतरल्यावर कळतं," तुम्ही म्हणालात. "आम्हाला ते दूधवाल्यापासून कळतं."

मग तुम्ही तुमच्या वडिलांच्या छापखान्याची गोष्ट सांगितलीत. छपाईच्या खिळ्यांचे खण मांडलेले दोन घोडे, एक मराठीचा, एक कानडीचा. कानडी लग्नपत्रिकांवर घर चालायचं. पण छापखान्याच्या पाटीवर कानडी लिहायची वेळ आली तेव्हा मामंजींनी पाटीच उतरवून ठेवली. कित्येक वर्षं छापखाना बिनपाटीचा चालला. प्रकाश ही गोष्ट अभिमानाने सांगतो. तुम्ही ती सांगताना चिडायचात. पाटी मराठीत असायचा त्यांना हक्क होता, आणि ज्या भाषेवर जेवतो ती चार अक्षरं खाली लिहायला हरकत नव्हती, ही तुमची दोन्ही मतं. त्यामुळे बेळगावात मराठीवाले तुम्हाला फितूर म्हणायचे आणि कानडीवाले आगाऊ. तुमचं कुठल्याच बाजूशी जमलं नाही. माझ्याशी जमलं, कारण मला बाजू नव्हती. मला टायपिंग येत होतं.

तुमचा मजकूर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाइप करायची आणि टाइप करता करता वाद घालायची. एका उन्हाळ्यात तुम्ही मला ग्वेनच्या गावी घेऊन गेलात. तिथे वेल्श बालवाडी होती. दुपारी बारा वाजता पावसात आया मुलांना न्यायला उभ्या होत्या. त्यातल्या निम्म्या जणींना दारावरची सूचना वाचता येत नव्हती. ती वेल्शमध्ये होती, आणि त्यांना स्वतःला वेल्श येत नव्हतं. त्यांच्या आजीला येत होतं, आईने सोडलं होतं. तुम्ही मला कोपराने ढोसलंत. "बघ. सरकारने पाट्या लावल्या, शाळेला पैसे दिले, सगळं खरं. पण या बाया उभ्या राहिल्या नसत्या तर त्या पाट्या फक्त रंगवलेले पत्रे होते."

मी म्हटलं, "पुढे नोकरीला उपयोग होतो म्हणून उभ्या आहेत."

"होऊ दे की! तुला कुणी मराठीसाठी नोकरी देतो म्हटलं तर तू नाही म्हणशील?"

"ताई, हा त्यांचा देश आहे. बेळगाव तुमचं गाव आहे. आपण इथे विमानाने आलो. आपल्याला कोण कशाला काय देईल?"

"द्यायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. मागायचं की नाही, एवढं आपण ठरवू."

हा वाद आपण परतीच्या गाडीत घातला, नंतर फोनवर घातला, दिवाळीत करंज्या करताना घातला. मला वाटायचं, हिला व्यवहार कळत नाही. आणि मग एक दिवस कौन्सिलचं पत्र आलं, आणि व्यवहार तुमच्या बाजूने उभा राहिला.

शनिवारचा मराठी वर्ग तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत भरायचा. मोठी मुलं जिन्यावर बसायची. कौन्सिलने कळवलं, की शाळांमधून घरची भाषा विचारणारे फॉर्म निघत आहेत. आपल्या भागातल्या किमान पंधरा मुलांच्या फॉर्मवर 'मराठी' आलं, तर शनिवारी शाळेची एक खोली आणि पगारी शिक्षिका मिळेल. तुम्ही केंब्रिजहून फोनवर ओरडलात, "शैला! सरकारी कागद मराठीत मिळावा म्हणून बेळगावात लोक मोर्चे काढतात. आणि इथे कागदावर एक शब्द लिहायचा आहे, एक!"

मी यादी केली. बावीस मुलं. घरोघर फोन केले. संक्रांतीच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात कोटांच्या रॅकशेजारी टेबल मांडलं, पेनं सुतळीने बांधली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, 'घरचा फॉर्म इथेच भरा, भाषेच्या रकान्यात मराठी लिहा.' आपल्या लोकांना फॉर्म दिसला की घाम फुटतो. व्हिसापासूनची सवय. कागदावर काय लिहिलं की साहेबाला बरं वाटेल, याचाच विचार आधी. एक बाई म्हणाल्या, "हिंदी लिहू का? मराठी त्यांना कुठे ठाऊक असणार?" साने डॉक्टर फॉर्म हातात घेऊन हळूच म्हणाले, "शैलाताई, मराठी लिहिलं तर पोराला इंग्रजीच्या जादा तासाला बसवतील हो. रोहनला ग्रामर स्कूलच्या प्रवेशपरीक्षेला बसवायचंय."

तुम्ही टेबलापलीकडून म्हणालात, "डॉक्टर, फॉर्मने भाषा विचारलीय. आजार नाही विचारला."

सगळे हसले. सानेही हसले, पण फॉर्म घडी करून खिशात ठेवला. "घरी भरतो."

रेल्वेत इंजिनियर असलेले कांबळे मात्र तिथेच उभ्या उभ्या तिन्ही मुलांचे तीन फॉर्म भरून मोकळे झाले. कुणीतरी त्यांनाही जादा तासाची भीती घातली. ते म्हणाले, "आमच्या आज्याला पाटी हातात धरू दिली नव्हती. ज्या अक्षरासाठी बाबासाहेबांनी आम्हाला उभं केलं, ते मी इथल्या हेडमास्तरणीला घाबरून खोडू? द्या इकडे पेन."

तुम्ही त्यांच्या हातावर दोनदा तिळगूळ ठेवलात.

आमचा फॉर्म मी सोमवारी सकाळी घरी भरला. आमची श्रद्धा तेव्हा सात वर्षांची होती. आदल्याच आठवड्यात तिच्या बाईंनी मला बोलावलं होतं. वाचनात मागे आहे, फळ्यावरचं उतरवून घेत नाही. "डू यू स्पीक अनदर लँग्वेज ॲट होम?" असं त्यांनी फार गोड आवाजात विचारलं होतं. दोन भाषांनी मूल गोंधळतं, म्हणाल्या. पटांगणाच्या कडेला एक तात्पुरती खोली होती. इंग्रजी न येणाऱ्या तीन मुलांना तिथे वेगळं बसवायचे. खिडकीतून ती मुलं दिसत होती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि घरी आले.

स्वयंपाकघरात उभ्यानेच, एका हाताने डबा भरत, मी भाषेच्या रकान्यात निळ्या पेनने 'इंग्लिश' लिहिलं. यादीत बावीस मुलं आहेत, एक कमी झालं तर काय बिघडतं, हा हिशेब. यादी करणाऱ्याला स्वतःला यादीबाहेर धरायची सवय असते. प्रकाशला सांगितलं नाही. तुम्हाला तर नाहीच.

कौन्सिलचं उत्तर आलं. चौदा.

तुम्ही त्याच शनिवारी आलात. पालकांना बोलावलंत आणि आमच्या पुढच्या खोलीत कोट न काढता उभ्या राहून बोललात. "वेल्समधल्या बायका स्वतःला न येणारी भाषा मुलांसाठी मागतात. बेळगावात लोक पोलिसांचा मार खातात. आणि तुम्हाला पेन उचलवत नाही!" मग सान्यांकडे वळून, सगळ्यांसमोर, "तुम्ही साथीच्या रोग्याला हात लावता, डॉक्टर, आणि शाळेच्या बाईला घाबरता? एक फॉर्म कमी पडला. एक! तो तुमचा."

साने काळेनिळे झाले. कांबळे म्हणाले, "ताई, असू द्या, आणखी कोणी असेल." तुम्ही म्हणालात, "कोण? नाव सांगा."

मी जिन्यालगतच्या खुर्च्या घडी करत होते. तुमच्यापासून चार पावलांवर. नाव सांगायला एवढी जागा पुरेशी होती.

मी खुर्च्या कपाटात ठेवल्या आणि सगळ्यांना चहा विचारला.

त्यानंतर काय झालं ते मंडळातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. त्यांनी तोंड फिरवून घेतलं होतं, तरी आठवत असेल. गणपतीतलं तुमचं भाषण रद्द झालं. पुढच्या वर्षी बोलावणंच आलं नाही. 'विदुषी आहेत, पण तोंडाळ,' असं माझ्यासमोर बोललं जायचं आणि मी, तुमची भावजय, हसायची. वर्ग आणखी वर्षभर रडतखडत चालला. मग श्रद्धाचा पोहण्याचा क्लास शनिवारी आला, आणि घर आमचंच असल्यामुळे वर्ग बंद झाला.

श्रद्धाच्या वाचनाचं सांगायचं राहिलं. फॉर्म भरल्यावर दोन महिन्यांनी तिचे डोळे तपासले. तिला चष्मा हवा होता.

तुम्ही म्हणाला होतात, की आता पुस्तकात तिसरं प्रकरण येणार. वेल्स, बेळगाव आणि आपण. ज्यांना जमीन नाही, पाटी नाही, मोर्चा नाही, फक्त एक रकाना आहे, त्यांनी काय केलं. 'हेच माझं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण,' म्हणायचात. कौन्सिलला लिहून, नावं झाकलेल्या फॉर्मच्या प्रती तुम्ही अभ्यासासाठी मागवल्यात. मी रोज वाट बघायची. भीतीने, हे आता लिहायला हरकत नाही. आणि मग काहीच आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही सहज म्हणालात, "तिसरं प्रकरण सोडलं. पुरावा पुरेसा नाही." त्याच सुमाराला तुम्ही साने डॉक्टरांना पत्र पाठवून माफी मागितल्याचं प्रकाशने सांगितलं. मला वाटलं, चला, वयाने मऊ झाल्या.

मला केवढं सुटल्यासारखं वाटलं! सुटलेलं माणूस उद्धट होतं. मी तुम्हाला वर्षानुवर्षं टोमणे मारले. "ताई, तुम्हाला काही तडीस न्यायला नको. दोनच प्रकरणांचं पुस्तक असतं का कुठे?" तुम्ही चष्मा पुसत म्हणायचात, "तुलनेला दोन पुरतात." ते पुस्तक निघालं, कुणी फारसं वाचलं नाही. एका परीक्षणात लिहून आलं, की लेखिका स्वतः ज्या समाजात राहते त्याबद्दल गप्प का? ते कात्रण मीच तुम्हाला टपालाने पाठवलं. वर चिठ्ठी लावून, 'बघा, मीही हेच म्हणत होते.'

गेल्या आठवड्यात केंब्रिजचं तुमचं घर रिकामं केलं. खोक्यांवरच्या चिठ्ठ्या सगळ्या माझ्या अक्षरातल्या, तुमच्या प्रत्येक सामानबदलात मीच लावलेल्या. एका फाइलवर चिठ्ठी नव्हती. आत ते फॉर्म होते. बावीस. कौन्सिलने नावांवर काळी शाई फासली होती. चौदांवर मराठी, सहांवर इंग्लिश, एकावर हिंदी, एकावर नुसतं इंडियन. इंग्लिशवाल्या सहांमध्ये एकावर पेन्सिलचं वर्तुळ होतं. पुण्याच्या शाळेत शिकले तसा मी इंग्रजी 'ई' अजून उलट्या तीनाच्या आकड्यासारखा काढते. तुमच्या प्रत्येक खोक्यावर तो होता. तुम्हाला नाव कशाला लागतंय?

समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'शैलाला विचारायचं.' त्याखाली, नंतर कधीतरी, पेनने, 'नको.'

मी केंब्रिजच्या त्या जमिनीवर किती वेळ बसले माहीत नाही. ताई, मला तुमचा राग आला. अजून आहे. तुम्ही बेळगावच्या. मामंजींशी पाटीवरून भांडलात, दोन राज्यांशी भांडलात, कस्टमवाल्याशी लोणच्याच्या बरणीवरून भांडलात. माझ्याशीच तेवढं 'नको'? मला दोन थोबाडीत द्यायच्या होत्यात. मी रडले असते, बाईंचा तो गोड आवाज सांगितला असता, ती खिडकी सांगितली असती. तुम्ही ऐकलं असतंत आणि मग तेच तिसऱ्या प्रकरणात लिहिलं असतंत. मी ते टाइप केलं असतं. त्याऐवजी तुम्ही दर दिवाळीला आलात, माझ्या चकल्यांना नावं ठेवलीत, श्रद्धाला गोष्टी वाचून दाखवल्यात आणि पुस्तकाचा एक हात कापून टाकलात. ती माया होती की शिक्षा? दोन्हीसाठी मी तुमची ऋणी आहे, असं अशा लेखांत लिहायची पद्धत आहे. मला तसं लिहवत नाही. एवढं लिहिते, की माझ्यामुळे लोकांनी तुम्हाला वाळीत टाकलं, तुम्हाला ते माहीत होतं, आणि तुम्ही मला कुणासमोर कधी खाली पाहायला लावलं नाहीत.

साने डॉक्टर, तुम्ही हे वाचत असाल. तुम्हीही इंग्लिशच लिहिलंत, हे मला आणि तुम्हाला ठाऊक आहे. आठांपैकी कुणाही एकाने मराठी लिहिलं असतं तर पंधरा झाले असते. पण बाकीच्या सातांनी घरोघर फोन करून 'मराठीच लिहा' असं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी जे तुम्ही एकट्याने ऐकून घेतलंत, ते ऐकायला मी तुमच्या शेजारी उभं राहायला हवं होतं. कांबळे, तुम्हाला काय सांगू ते मला सुचत नाही.

प्रकाशला मी त्याच रात्री सांगितलं. तो म्हणाला, "ताईने मलाही नाही सांगितलं." मग काल जेवताना श्रद्धाला सांगितलं. ती आता सोळा वर्षांची आहे, जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीचा, अभ्यास करते. फॉर्म तिच्यासमोर ठेवून मी मराठीत सुरुवात केली. चार वाक्यांनंतर तिच्या तोंडाकडे बघून लक्षात आलं, की निम्मंच पोचतंय, म्हणून सगळं पुन्हा इंग्रजीत सांगितलं. वर्गाचं, खोलीचं, आत्याच्या प्रकरणाचं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. आत्यावर तिचा फार जीव होता. मग फॉर्म उचलून बघितला आणि मला समजावायला माझ्या हातावर हात ठेवला.

"बट मम, डोंट क्राय. इट्स नॉट अ लाय. वी डू स्पीक इंग्लिश ॲट होम."

प्रकाशने ताटावरून मान वर केली नाही. तेव्हा नव्हतो बोलत, तेव्हा तू मला आई म्हणायचीस, हे मला तिला सांगायचं होतं. वाक्य तोंडात तयारही होतं.

मी म्हणाले, "ईट युअर डिनर, श्रद्धा. इट्स गेटिंग कोल्ड."